पावडरीचा रंग

जुलैमधल्या एका बुधवारी गोव्यातल्या वेर्णा पठारावर सकाळपासून मुसळधार पाऊस कोसळत असताना जीवशास्त्र गटाचा अहवाल आला आणि चार महिने जपलेले माझे संयुग त्यातल्या एका ओळीने निष्प्रभ ठरले. आधीच्या खेपेस विषाणूचे विकर (एन्झाइम) ४ मायक्रोमोलर एवढ्या तीव्रतेला निम्मे रोखणारे तेच संयुग, त्याच मार्गाने आणि माझ्याच हाताने पुन्हा बनवलेले, १०० मायक्रोमोलरलाही काहीच करत नव्हते.

आमचे लक्ष्य करोना विषाणूचे मुख्य प्रोटिएज होते. हे विकर विषाणूच्या लांब प्रथिनसाखळीचे ठरलेल्या जागी तुकडे करते, आणि ते तुकडे झाल्याखेरीज विषाणूची पुढची प्रत तयार होत नाही. कापण्याचे काम मुख्यतः १४५व्या स्थानावरच्या सिस्टीनमधला गंधक करतो. करोनावरचे औषध निर्माट्रेल्विर आपल्या नायट्राइल गटाने या गंधकालाच धरून ठेवते. २०२२ साली जपानने आणीबाणीची मान्यता दिलेले एन्सिट्रेल्विर मात्र गंधकाशी सहसंयुज (पक्का रासायनिक) बंध न जुळवता विकराच्या त्याच खोबणीत नुसते बसते. आम्ही या दुसऱ्या वाटेने निघालो होतो. मी मूळची सत्तरी तालुक्यातली. २०१५नंतर काजूच्या हंगामात आमच्या भागात माकडतापाने माणसे आजारी पडलेली मी पाहिली आहेत, आणि त्या विषाणूवर अजूनही नेमके औषध नाही. त्यामुळे विषाणूविरोधी संयुगांवरचे काम मी कधीही नुसते महिन्याच्या पगारासाठी केलेले नाही.

औषधांवर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ दिवसभर काय करतो, असे घरचे विचारतात. निम्मा दिवस मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारा कॉलम चालवण्यात जातो आणि उरलेला रोटाव्हॅप यंत्रावर द्रावक उडवण्यात. या मालिकेतील शेवटची पायरी सुझुकी जोडणीची, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने दोन तुकडे जोडण्याची होती: पायरिडिनचे (नायट्रोजन असलेल्या कड्याचे) बोरॉनिक आम्ल, माझे ब्रोमाइड, पोटॅशियम कार्बोनेट, डायॉक्सेन आणि पाणी, मिश्रणातून पंधरा मिनिटे नायट्रोजन सोडून मग पॅलेडियमचा उत्प्रेरक घालायचा आणि ९० अंशांवर रात्रभर ढवळत ठेवायचे. सकाळी फ्लास्क काळा झालेला असतो. तो सेलाइटमधून गाळायचा, इथाइल ॲसिटेटने धुवायचा आणि सिलिकाच्या कॉलमवर चढवायचा. टीएलसीच्या पट्टीवर एकच स्वच्छ ठिपका दिसला, रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआरमध्ये प्रत्येक हायड्रोजन आपापल्या जागी सापडला आणि एचपीएलसीने ९८ टक्के शुद्धता दाखवली, की कुपीवर क्रमांक लिहून ती पाठवून द्यायची. दर आठवड्याला किती संयुगे पाठवली याचा तक्ता भिंतीवर लागतो. ती किती स्वच्छ होती याचा तक्ता मी आजवर पाहिलेला नाही.

दुसऱ्या खेपेस मात्र पुढच्या अभ्यासांसाठी पूर्ण एक ग्रॅम हवे होते, म्हणून मी मन लावून सफाई केली होती. थायॉल (गंधक-हायड्रोजनचा गट) बसवलेल्या सिलिकासोबत द्रावण रात्रभर ढवळले, कोळशातून गाळले आणि शेवटी इथेनॉलमधून स्फटिक पाडले. हवेत इतका दमटपणा असूनही फ्लास्कच्या तळाशी सुया उभ्या राहिल्या, तेव्हा मी सहकाऱ्यांना बोलावून त्या दाखवल्या होत्या. इतक्या सुंदर स्फटिकांनी काम करू नये, हे मला पटेना.

आधी आम्ही सोपे खुलासे शोधले. संयुग ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओने ओलावा ओढला असेल, संयुग चाचणीच्या प्लेटमध्ये विरघळले नसेल, कुपी बदलली असेल. दोन दिवस त्यातच गेले. शुक्रवारी संध्याकाळी मी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अगं, दोन्ही खेपांच्या पावडरींचा रंग कोणता होता?" पहिली दुधाच्या चहासारखी होती आणि दुसरी पांढरीशुभ्र. हे मला ठाऊक होते, कारण दोन्ही कुपी माझ्या डोळ्यांसमोरच होत्या; पण आमच्या अहवालाच्या नमुन्यात रंगाला रकानाच नाही आणि मीही तो कधी मागितला नव्हता.

एचपीएलसीचा अतिनील शोधक फक्त प्रकाश शोषणारे आणि कॉलममधून बाहेर येणारे पदार्थ मोजतो. धातू त्याला दिसत नाही. मात्र पायरिडिनचा नायट्रोजन पॅलेडियमला धरतो आणि सिलिकावरून आपल्यासोबत उतरवून आणतो. पहिल्या खेपेचा नमुना आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या तपासणीसाठी बाहेर पाठवला, तेव्हा त्यात दशलक्षात ४,२०० भाग पॅलेडियम निघाले. दुसरीत १०पेक्षा कमी. मी कागदावर हिशेब मांडला. ४ मायक्रोमोलर संयुगासोबत साधारण ६० नॅनोमोलर पॅलेडियम जात होते आणि प्लेटच्या प्रत्येक खळग्यात विकर होते १०० नॅनोमोलर. निम्मे विकर गारद करायला तेवढा धातू पुरेसा होता, कारण पॅलेडियमला गंधकाची विलक्षण ओढ आहे.

खात्रीसाठी मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. पांढऱ्या पावडरीत मुद्दाम पॅलेडियम मिसळले, तेव्हा विकर रोखण्याची क्रिया परत आली; चहाच्या रंगाच्या पावडरीसोबत प्लेटमध्ये डीटीटी हे थायॉल घातले, तेव्हा ती नाहीशी झाली. गंधकाच्या बळावर चालणाऱ्या विकराच्या चाचणीत थायॉल असलेच पाहिजे, नाहीतर वाटेल ते संयुग क्रियाशील दिसते, हे २०२०च्या घाईत अनेक प्रयोगशाळांना पुरेसे कळून चुकले होते. तरीही मोजणी सोपी जावी म्हणून आमच्या चाचणीतून ते वगळले गेले होते, आणि हा निर्णय मला तरी अक्षम्य वाटतो. अर्थात घाण माझ्या कुपीतली होती.

सगळ्यात जास्त सलतो तो त्या चार महिन्यांचा तर्क. आम्ही ३१ संयुगे बनवली होती आणि त्यांच्यात फार छान संगती दिसत होती: पायरिडिन असले की क्रिया वाढते, त्याच्या नायट्रोजनशेजारी मिथिल बसवला की ती मरते. संगणकावरच्या चित्रात तो नायट्रोजन १६३व्या हिस्टिडीनशी हायड्रोजन बंध जुळवताना स्पष्ट दिसत होता, आणि अनेक खऱ्या रोधकांत तो बंध खरोखरच असतो. नंतर सगळ्या कुप्यांतला धातू मोजला, तेव्हा क्रियाशीलतेचा क्रम आणि पॅलेडियमचा क्रम जवळजवळ एकच निघाला. मिथिलची अडचण विकराच्या खोबणीत होत नव्हती; शेजारी मिथिल आला की नायट्रोजनला पॅलेडियम नीट धरता येत नव्हते. बैठकीत हे मी उभी राहून सांगितले, तेव्हा कोणी रागावले नाही. प्रकल्प त्याच आठवड्यात बंद झाला.

त्या ३१ संयुगांत एक मात्र वेगळ्या वाटेने बनले होते. ३-अमिनोपायरिडिनला अमाइड बंधाने जोडलेले ते संयुग मी पॅलेडियमशिवाय केले होते, आणि आयसीपी-एमएसलाही त्यात धातू सापडला नाही. डीटीटी घालूनही ते विकराला रोखते, पण फार क्षीणपणे, ७० मायक्रोमोलरला. आधीच्या तक्त्यात ते तळाशी होते, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते. माझ्या मते हिस्टिडीनशी जुळणारा बंध या एकाच संयुगात खरा असावा. त्याचे १२ मिलिग्रॅम उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहेत. तो बंध खरा आहे का हे कळण्यासाठी ते विकरासोबत स्फटिकात बसवून पाहावे, अशी लेखी विनंती मी ऑगस्टमध्ये केली आणि चतुर्थीनंतर पुन्हा एकदा केली. उत्तर अजून आलेले नाही.