तुम्ही विचारलंत म्हणून: झुडपी जंगलावरचा लेख कुठे पाठवावा

तालुका न्यायालयातले तरुण वकील, ग्रामसभेसाठी वनहक्काचे दावे तयार करणारे कार्यकर्ते आणि अधूनमधून एखादे प्राध्यापक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. पर्यावरण कायद्यावरचा लेख ओपन अॅक्सेस, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या, नियतकालिकाकडेच का पाठवावा, आणि गडचिरोली-गोंदियाच्या एखाद्या तालुक्यातून गेलेला लेख तिथे स्वीकारला जातो का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. ज्या गावाच्या कागदांवर लेख उभा राहतो, त्या गावाला तो वाचायला मिळाला पाहिजे. वर्गणी भरल्याशिवाय न उघडणारी नियतकालिके मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना परवडतात. आमच्या बार रूमच्या कपाटात निवाड्यांचे जुने खंड असतात आणि तेही सलग नसतात. ओपन अॅक्सेस लेख मात्र तलाठ्यापासून न्यायाधीशांपर्यंत कोणालाही मोबाइलवर उघडता येतो. अर्थात खर्च कोणीतरी भरतच असतो. काही नियतकालिके तो लेखकाकडून घेतात, तर कायद्याच्या क्षेत्रातली बरीच नियतकालिके विद्यापीठांच्या किंवा संस्थांच्या आधारावर चालतात आणि लेखकाकडून काही मागत नाहीत. लेख पाठवण्यापूर्वी शुल्काचा नियम वाचून घ्यावा, इतकेच.

दोन दिवसांत प्रसिद्धी आणि सोबत प्रमाणपत्र देऊ करणारे व्हॉट्सअॅप संदेश तुम्हालाही येत असतील. तिकडे पैसे पाठवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पारख आपली आपणच करायची आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २००३ मध्ये सुरू झालेल्या डीओएजे या ओपन अॅक्सेस नियतकालिकांच्या सूचीत नाव शोधावे, संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयात काम करतात का ते पाहावे, आणि मुख्य म्हणजे त्या नियतकालिकातले दोन-तीन लेख शेवटपर्यंत वाचावेत. लेख वाचवत नसतील तर तिथे आपलाही पाठवू नये.

दुसऱ्या भागाचे उत्तर: स्वीकारला जातो, परंतु केवळ गावाकडून आला म्हणून नाही. आपल्याजवळ असलेला आणि इतरांना सहज न मिळणारा माल म्हणजे कागद: निस्तारपत्रक (गावकऱ्यांच्या चराई-सरपणासारख्या वापराची महसुली नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद), ग्रामसभेचे ठराव, वनहक्काच्या उपविभागीय समितीने परत पाठवलेले दावे. त्या कागदांतून कायद्याचा एकच प्रश्न काढता आला पाहिजे. बहुतेक लेख इथेच घसरतात, कारण गावावरचा सगळा अन्याय एकाच लेखात मांडण्याचा मोह आवरत नाही.

झुडपी जंगलाचेच उदाहरण घेऊ. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मुरमाड, खुरट्या झुडपांची आणि गुरे चारण्याला वापरली जाणारी जमीन महसुली दप्तरात या नावाने नोंदली गेली. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी वनाची व्याख्या व्यापक केली, आणि २२ मे २०२५ च्या निवाड्यात झुडपी जंगल हे वनच आहे असे सांगितले. यावर 'विकास की पर्यावरण' असा लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर खरा प्रश्न निराळाच आहे. हीच जमीन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६१ खालच्या निस्तारपत्रकात गावाच्या चराईसाठी आणि सरपणासाठी नोंदलेली असेल, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(ख) निस्ताराचे सामूहिक हक्क नाव घेऊन मान्य करत असेल, तर ती वन ठरल्यामुळे गावाचा हक्क आक्रसतो की उलट दावा करण्याचा मार्ग मोकळा होतो? हा एका लेखाचा प्रश्न आहे. तुमच्या तालुक्यातल्या पाच-सहा गावांची निस्तारपत्रके समोर ठेवून तो सोडवलात, तर दिल्लीत बसलेल्या अभ्यासकाला सहज जमणार नाही असे काम तुमच्या हातून होईल.

हे लिहिताना वाचक परका आहे, हे विसरू नये. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाने कदाचित विदर्भ पाहिलेलाही नसेल, म्हणून मालगुजारी ही जमीनदारीसारखी पद्धत १९५० च्या कायद्याने संपली, मालगुजारांची पडीक जमीन व जंगल सरकारकडे गेले आणि गावकऱ्यांचा वापर नोंदवण्याची गरज त्यातून कशी निर्माण झाली, हे एका परिच्छेदात सांगावे लागते. मराठी कागदाचा संदर्भ देताना कार्यालय, दिनांक आणि क्रमांक लिहून इंग्रजी भाषांतर आपण स्वतः केले असल्याचे तळटीपेत नमूद करावे. निवाड्यांसाठी महागड्या संकेतस्थळांची गरज उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले अधिकृत निवाडे विनामूल्य खुले केले आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला आहे.

वकिलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. अशिलाने विश्वासाने सांगितलेली माहिती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे; लेखासाठी तिला हात लावता येत नाही. ठराव वापरायचा असेल तर ग्रामसभेला आधी विचारावे आणि दावेदारांची नावे गाळावीत. परीक्षणात बहुधा लेखकाचे नाव झाकलेले असते, त्यामुळे 'मी चालवलेल्या प्रकरणात' यासारखी वाक्ये आणि फाइलच्या गुणधर्मांत राहून गेलेले आपले नाव दोन्ही काढावे लागते. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावे. उत्तर यायला महिने लागतात. शेरे आले की प्रत्येक शेऱ्याला क्रमाने लेखी उत्तर द्यावे, आणि जो पटत नाही तो का पटत नाही हे कागदाच्या आधारे सांगावे; संपादकांना वाद चालतो, मौन चालत नाही.

परवान्याच्या ओळीकडे मात्र जवळजवळ कोणीही पाहत नाही. सीसी बाय हा खुला परवाना असला, तर मूळ लेखकाचे श्रेय देऊन कोणीही त्या लेखाचे मराठी भाषांतर करून वाटू शकतो. त्याच परवान्याला एनडी (बदल करून वाटण्यास मनाई) ही अक्षरे जोडलेली असली, तर लेख जसाच्या तसा वाटता येतो, पण भाषांतर वाटण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी लेखाचे हक्क आपल्याकडे राहतात का, हे संपादकांना पत्राने विचारून घ्यावे. मी हे विचारतो, आणि मराठी आवृत्ती ग्रामसभेला देण्याची मोकळीक लेखी मागतो. पुढे वनहक्क समितीला दाव्यासोबत ती जोडावीशी वाटली तर जरूर जोडावी, पण पुरावा म्हणून मूळ निस्तारपत्रकाची प्रमाणित नक्कलच लावावी, आणि ती तहसील कार्यालयातून वेळेत मिळावी यासाठी नकलेचा अर्ज लेख लिहायला बसण्यापूर्वीच करून ठेवावा.