न्गोक लू नगाऱ्याचा माथा : आरेखनाचा दुसरा टप्पा

न्गोक लू नगाऱ्याच्या माथ्याचे मूळ आकारातील आरेखन आता निम्म्याच्या पुढे गेले आहे. उत्तर व्हिएतनाममधील प्राचीन, कांस्ययुगीन डोंगसॉन संस्कृतीचा हा नगारा 79 सेंटीमीटर व्यासाचा आणि 63 सेंटीमीटर उंचीचा असून तो हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. आपल्या नगाऱ्याला कातडे मढवलेले असते. याचा मात्र माथासुद्धा कांस्याचाच, आणि बरोबर जिथे टिपरू पडायचे तिथे 14 किरणांचा तारा उठवलेला आहे.

त्या ताऱ्यानेच माझे दोन रविवार घेतले. परिघाचे 14 भाग केले की प्रत्येक कंस सुमारे 17.7 सेंटीमीटरचा येतो. दोन खिळे ठोकलेल्या लाकडी पट्टीने तेच अंतर मी सरळ रेषेत मोजत गेलो आणि शेवटची खूण पहिल्या खुणेच्या दोन सेंटीमीटर पुढे जाऊन पडली. कंस आणि जीवा यांतला फरक लक्षात आल्यावर खिळा 17.6 च्या किंचित आत घेतला, तेव्हा वर्तुळ जुळले. ज्यांनी मेणावर किंवा मातीच्या साच्यावर ही विभागणी केली, त्या ओतारींबद्दलचा माझा आदर त्या दिवशी फार वाढला.

त्यानंतरचे भौमितिक पट्टे लवकर उरकले. हरणे आणि लांब चोचींचे पक्षी काढताना मात्र हात वारंवार अडखळत होता, कारण माथ्यावरची सारी मिरवणूक घड्याळाच्या उलट दिशेने चालते आणि प्रदक्षिणेची सवय असलेल्या माझ्या मनाला ती दिशा चटकन मानवत नव्हती.

आरेखनाबरोबर या नगाऱ्यांच्या उगमाविषयीचे वाचनही चालू आहे. ऑस्ट्रियन अभ्यासक फ्रान्झ हेगर यांनी 1902 मध्ये अशा कांस्य नगाऱ्यांच्या केलेल्या चार प्रकारांच्या वर्गीकरणात न्गोक लू पहिल्या प्रकारात बसतो. चीनच्या युन्नान प्रांतात वानजियाबा येथे मिळालेले नगारे त्याहून साधे आहेत. त्यांचा आकार पालथ्या घातलेल्या हंड्यासारखा असून काहींवर काजळीही आढळली आहे, त्यामुळे स्वयंपाकाचे भांडे पालथे करून वाजवण्यातून हे वाद्य घडले असावे, हे मत मला पटते. मूळ मान व्हिएतनामचा की चीनचा, हा वाद दोन्हीकडच्या अभ्यासकांत बराच रंगला आहे. युन्नानमधून निघालेली तांबडी नदीच पुढे उत्तर व्हिएतनामच्या सखल भातशेतीत उतरते, हे पाहता आजची सीमारेषा त्या काळावर ओढण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता माणसांचा पट्टा उरला आहे. त्यात पिसांचे शिरोभूषण घातलेले लोक आहेत, उखळात धान्य कांडणारी जोडी आहे आणि एका मचाणावर बसून हातातल्या उभ्या लांब काठ्यांनी खाली मांडलेले नगारे वाजवणारी माणसेही आहेत. नगारा कसा वाजवत, हे नगाऱ्यानेच लिहून ठेवले आहे, म्हणून पुढच्या रविवारी सुरुवात त्या मचाणापासूनच करणार आहे.