रोममधल्या खुनाला मिनिटं नव्हती

पहिला खर्डा पूर्ण व्हायला सव्वा वर्ष लागलं. इसवी सन 63, डिसेंबरातला सॅटर्नेलियाचा सण (धनी आणि गुलाम यांची उलटापालट करणारा), रोममधल्या एका धान्यव्यापाऱ्याचा त्याच्याच घरात खून, आणि छडा लावणारा त्या घरातला हिशेब लिहिणारा गुलाम. सगळं रहस्य दहा मिनिटांच्या फरकावर उभं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. हस्तलिखित लॅटिन शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे दिलं. तिने चाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: 'यांच्याकडे मिनिट कुठून आलं गं?'

रोमन लोक उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या वेळेचे बारा भाग करायचे, हे मी वाचलं होतं. पण त्याचा अर्थ डोक्यात उतरला नव्हता. दिवस मोठा तर तास मोठा. रोममध्ये जूनच्या अखेरीस एक तास आपल्या सुमारे 75 मिनिटांचा, डिसेंबरात जेमतेम 45 चा. त्यात सूर्यघड्याळ ढग आले की मुकं, आणि पाणघड्याळ घरोघरी कुठलं असायला? 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' असं सिद्ध करायला काट्यांचं घड्याळ लागतं, ते काढलं आणि माझी अर्धी कादंबरी खाली बसली.

पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. मग चिडून आकडेमोड करायला बसले. एक संशयित म्हणतो, 'ऑस्टिया बंदरातून सूर्योदयाला पायी निघालो, पाचवा तास संपताना रोममध्ये पोचलो.' अंतर साधारण 25 किलोमीटर. जूनमध्ये पाच तास म्हणजे आपले सव्वासहा, रमतगमत येता येईल. डिसेंबरात तेच पाच तास म्हणजे पावणेचार. माझा हा गृहस्थ तर एका पायाने लंगडा! म्हणजे तो खोटं बोलतोय, आणि खोटं रचताना त्याने उन्हाळ्यातल्या फेरीची आठवण वापरली आहे. टेबलावर हात आपटला मी. जिने कादंबरी पाडली, तीच अडचण धागा होऊन हाती आली.

तपास कोण करणार हा प्रश्न होताच. ऑगस्टसने इसवी सन 6 मध्ये सात तुकड्यांचं रात्रगस्तीचं दल उभं केलं, पण त्याचं मुख्य काम आगी विझवणं. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना पंचनामा करायला लावला होता. ती तीन प्रकरणं सरळ फाडली.

खरा पेच कायद्याने दिला. इसवी सन 10 च्या सिनेटच्या ठरावानुसार घरधन्याचा खून झाला, तर त्या वेळी त्याच छताखाली असलेल्या गुलामांची छळ करून चौकशी व्हायची आणि मग मृत्युदंड. इसवी सन 61 मध्ये नगरप्रमुख पेडॅनियस सेकुंडसला त्याच्या एका गुलामाने मारलं, तेव्हा घरातल्या 400 गुलामांना मारण्यात आलं. रस्त्यावर लोक खवळले, तरी शिक्षा टळली नाही. माझी कथा त्यानंतर दोनच वर्षांनी घडते. म्हणजे प्रेत सापडल्यावर माझ्या कारकुनाने 'खून' हा शब्द उच्चारला, की स्वयंपाकीण, दारवान, दिवे लावणारं पोर आणि तो स्वतः, सगळे संपले. त्यामुळे घरातला प्रत्येक जण पुरावा लपवणार, निरपराध असला तरी. रहस्यकथेला याहून चांगलं घर मिळणार नाही.

भाषेने वेगळंच छळलं. लॅटिनमध्ये समोरच्या एकाला 'तू'च, मग तो सम्राट असो की भांडी घासणारा. मराठीत गुलामाने धन्याला 'तू कुठे होतास?' विचारलं की वाचक दचकतो. शेवटी 'धनी, आपण' ठेवलं, आणि फक्त सणाच्या त्या उलट्यापालट्या रात्री सगळ्यांना एकमेकांशी 'तू'वर आणलं. दुसऱ्या सकाळी एकाच्या तोंडून चुकून 'तू' निसटतो, असा एक दुवाही लिहिला होता. मैत्रीण म्हणाली, हा दुवा लॅटिनमध्ये जमणार नाही. काढला. अजून हळहळते. 'नाकाला मिरच्या झोंबल्या' मात्र मीच खोडलं. मिरची तेव्हा अमेरिकेबाहेर पोचलीच नव्हती. काळी मिरी राहू दिली, ती मलबारहून जहाजांनी जातच होती.

दुसरा खर्डा मजेत संपवला. शेवटी कारकून मेणाच्या पाटीवर लिहिलेली लंगड्याची जबानी लेखणीच्या चपट्या टोकाने पुसतो आणि वर 'तापाने मृत्यू' असं कोरतो. मेण गुळगुळीत करताना त्याचा हात थरथरत नाही, हे वाक्य मला फार आवडलं होतं.

मैत्रिणीने या वेळी फोनच केला. "धनी तापाने गेला म्हणजे चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणजे मृत्युपत्र लगेच उघडणार, बरोबर?"

चौकशी उरकेपर्यंत मृत्युपत्र उघडायला बंदी होती, हे मीच तिला उत्साहाने सांगितलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"आणि तुझ्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलंय, की धन्याने मृत्युपत्रात त्या कारकुनाला मुक्त केलंय. मग अगं, त्या लंगड्याला कशाला पकडतेस?"

मी तिसरं प्रकरण उघडलं. माझंच अक्षर होतं. आता तिसरा खर्डा चालू आहे.