एंटर, एंटर, एंटर

दूध संकलनाचं आमचं सॉफ्टवेअर पुण्यात तपासून झालं होतं, टेस्ट केसेस सगळ्या पास. यूएटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या शेवटच्या चाचणीसाठी, मला कोल्हापूरकडच्या एका दूध संस्थेत पाठवलं. अट एकच: शेजारी बसायचं, शिकवायचं नाही. फार अवघड असतं हे, जीभ नुसती वळवळते.

सकाळी रांग लागली. सेक्रेटरी अण्णांचा उजवा हात आकड्यांच्या कीपॅडवर आणि नजर काट्यावर. स्क्रीनकडे बघतंय कोण? सभासद क्रमांक, एंटर, लिटर, एंटर, फॅट, एंटर. पहिल्याच नोंदीनंतर आमची चौकट उघडली: 'नोंद जतन झाली'. तिच्यातलं 'ओके' फक्त माऊसने दाबलं जायचं, आणि माऊस मॉनिटरच्या मागे धूळ खात पडलेला. अण्णांनी पुढच्या सभासदाचे आकडे बडवले ते सगळे वाया.

मग फॅट. ३.८ असेल तर अण्णा ३८ मारतात. जुन्या डॉसवरच्या प्रोग्राममध्ये टिंब आपोआप पडायचं. आमच्याकडे लाल सूचना झळकली, 'फॅट १५ च्या वर नको'. नियमाला धरून बिनचूक, आणि अण्णांच्या काहीच कामाची नाही.

खरा घोळ पुढेच होता. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. त्यामुळे एकाच घरातून दोन किटल्या येतात. आमचा प्रोग्राम दुसरी नोंद 'डुप्लिकेट' म्हणून फेटाळायला लागला. रांगेतल्या मावशी माझ्यावरच घसरल्या, "का गं बाई, माझी म्हस धरंना व्हय तुझं मशीन?"

डेव्हलपरला फोन लावला. तो म्हणाला, "एका वेळेला एका सभासदाची एकच नोंद, असं लेखी आहे." होतंच तसं. ते लिहून दिलं होतं बिलं काढणाऱ्या ऑफिसने. दहा दिवसांच्या बिलात सभासदाची एकच ओळ येते, किटल्या त्यांना कधी दिसतच नाहीत. तोवर अण्णांनी जुना प्रोग्राम सुरू केला होता. रांग थांबवून आमचं कौतुक कोण करत बसणार?

दुरुस्त्या झाल्यावर डेव्हलपरलाच बरोबर नेलं. अण्णांनी त्याला खुर्चीत बसवलं, "घ्या आज तुम्हीच दूध." संकलन संपायच्या आत त्याने स्वतःहून तिकिटं, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी, टाकायला सुरुवात केली. त्यातलं एक माझ्याही यादीत नव्हतं: पावतीवर फॅटचा आकडा इतका बारीक छापला जात होता, की जो तो पावती त्याच्यापुढे धरून विचारत होता, "किती लागली?"