पुण्याच्या हवेत दालचिनी आणि चंदन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकणाऱ्या पुण्यात लवंग, दालचिनी आणि चंदनाचा ऊबदार परफ्यूम कशाला लावायचा, तो जड होत नाही का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी तो दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगलेला असतो आणि डोके चढेल म्हणून बाटली परत ठेवलेली असते. माझे उत्तर असे की, हा सुगंध पहिल्या दहा मिनिटांसाठी नसतोच.

फवारल्याबरोबर उडते ते अल्कोहोल, कारण ते ७८ अंश सेल्सिअसलाच उकळते. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन सुमारे १७६ अंशांना उकळते आणि चंदनाला त्याचा गंध देणारे सॅन्टॅलॉल सुमारे ३०० अंशांना. मनगटावर अर्थातच काही उकळत नाही, पण हा क्रम साधारण तोच राहतो. आधी वेलदोडा आणि मिरी नाकात शिरतात, मग लवंग-दालचिनीचा तिखटपणा येऊन ओसरतो, दुपारी देवदाराचे कोरडे, किंचित कडवट लाकूड जाणवू लागते आणि संध्याकाळी मनगट नाकाशी नेले तर दुधावरच्या सायीसारखे मऊ चंदन तेवढे उरलेले असते. त्या संध्याकाळसाठी मी तो सकाळी लावते. तेव्हा लक्ष्मी रोडला गेलात तर मनगटावर लावून घ्या, बाकीची खरेदी उरका आणि रात्री जेवणानंतर काय ते ठरवा.

हवेबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. कडक उन्हात सगळेच घटक घाईने उडतात, सावकाश उलगडण्यातली गंमत जाते आणि बंद काचांच्या बसमध्ये शेजाऱ्याला विनाकारण त्रास होतो. कनौजच्या अत्तरांच्या परंपरेतही उन्हाळ्याला वाळा आणि मोगरा, तर थंडीला हिना आणि शमामा अशीच वाटणी आहे. शमामा म्हणजे मसाले आणि सुगंधी वनस्पती तांब्याच्या डेगेत शिजवून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवलेले अत्तर. पुण्यात या सुगंधाचा खरा हंगाम दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, असे माझे ठाम मत आहे. डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, हवा कोरडी असते आणि लोकरीच्या शालीत हा गंध दुसऱ्या दिवशीही टिकतो. नागरमोथा, गवला कचोरा आणि चंदन घातलेल्या उटण्याने ज्यांची दिवाळी सुरू होते, त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

भारतीय चंदन धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे आणि त्याचे तेल फार महाग असते, त्यामुळे बहुतेक बाटल्यांत चंदनाचा गंध प्रयोगशाळेतून आलेला असतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही; झाड उभे राहिलेले बरे.

नैसर्गिक असले तरी दालचिनी आणि लवंगेचे घटक काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दिवसभर पाहावे; रेशमी साडीवर तर कधीच फवारू नये, डाग पडतो. एक फवारा पुरतो. आपले नाक आपल्याच गंधाला थोड्या वेळात सरावते आणि तो उडून गेला असे वाटू लागते. अशा वेळी पुन्हा बाटली उचलण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारावे.