आजीची समाधी आणि अँटवर्पची चित्रं

मागच्या महिन्यात काकांबरोबर पेठ रोडला एका दगडकामवाल्याकडे गेलो होतो, आजीची समाधी बांधायचीये, मखमलाबादच्या मळ्यात विहिरीशेजारी, जागा तिनेच सांगून ठेवलेली. त्याने पुढ्यात अल्बम ठेवला, लॅमिनेशनच्या कडा सुटलेल्या, आत चौथरे, तुळशीवृंदावनं, चार खांबांवरच्या छत्र्या, आणि प्रत्येक चित्रात नावाची पाटी कोरी. काका म्हणाले, "आईला साधंच आवडायचं रे," पण छत्रीच्या पानावर तीनदा परत आले.

मला तिथे बसल्या बसल्या कॉर्नेलिस फ्लोरिस आठवत होता. आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा शिल्पकार, त्याच्या थडग्यांच्या डिझाइन्सचा संच 1557 मध्ये हिएरोनिमस कॉक या प्रकाशकाने छापला. मग 1563 मध्ये कॉकनेच हान्स फ्रेडेमन द फ्रीस या दुसऱ्या डिझाइनकाराचा तसाच संच काढला. म्हणजे हेच की, अल्बम! तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई भरायची, ओलसर कागद दाबून छापायचं, आणि ते कागद कुठल्या कुठे जायचे, कुणा लांबच्या गावातला पाथरवट त्यातला एक खांब उचलणार, एक कमान उचलणार, स्वतःच्या दगडात बसवणार. चामड्याच्या पट्ट्या कापून वळवल्यासारखी नक्षी, मुखवटे, फळांचे घोस, सगळं कागदावर तयार, कोण गेलंय ते मात्र अजून ठरायचंय.

फ्रेडेमनची पानं मला जरा जास्तच भरलेली वाटतात. फ्लोरिसचा हात दगडात मुरलेला होता, डेन्मार्कच्या राजाचं, तिसऱ्या क्रिश्चनचं, रोस्किल्डच्या कॅथेड्रलमधलं खांब-छतवालं स्मारक त्याचंच, त्यामुळे असेल पण त्याच्या चित्रात वजन कशावर उभंय ते कळतं. आधी मला वाटायचं, दुःख आपलं आणि डिझाइन कॅटलॉगमधलं, हे कसं जमायचं? काकांना ती पानं उलटताना बघितलं तेव्हा ते वाटणं गेलं. रडायला तरी आधार लागतो ना काहीतरी.

शेवटी वृंदावनच ठरलं. फक्त काकांना समोरच्या बाजूला द्राक्षाचा घड हवा होता, आजी शेवटपर्यंत बागेत थिनिंगला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, बसायची. अल्बममध्ये घड नव्हता, मग कारागिराने फरशीवर खडूने काढून दाखवला. काका बराच वेळ बघत राहिले, मग खाली वाकून बोटाने सात-आठ मणी पुसले. "एवढे आई ठेवू द्यायची नाही."