बक ओ'नील ऐकताना
आज लोकलमध्ये अमेरिकेतले काळे बेसबॉलपटू बक ओ'नील यांची जुनी मुलाखत ऐकत होतो, दादर कधी गेलं कळलंच नाही. महामंदीतलं अमेरिकन बेसबॉल, तेही काळ्या खेळाडूंचं. फ्लोरिडात सेलरी या भाजीच्या शेतात राबलेला हा माणूस १९३७ मध्ये गवताचे घागरे नेसून खेळणाऱ्या संघातही होता. पोटासाठी, दुसरं काय! पुढच्याच वर्षी काळ्या खेळाडूंच्याच कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात. या संघाने १९३० पासूनच ट्रकवर दिवे लादून, जनरेटरच्या घरघराटात गावोगाव रात्रीचे सामने केले; दिवसा कामावर असणाराही तिकीट काढायचा. गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये दिवे लागायला १९३५ उजाडलं. आणि ओ'नीलना हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधला मोठा सन्मान? २०२२ मध्ये. ते गेले २००६ ला. आपलीच चिडचिड होते राव, त्यांच्या बोलण्यात मात्र कडवटपणा औषधालाही नाही.